कंबरेखाली नक्की कुठे बिघडलंय? कोनस, कॉडा इक्विना आणि दबलेली नस यातला फरक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबरदुखीवाले पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि माझ्याकडे शिकायला येणारी ज्युनियर मुलंमुली, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. काही उत्तरं लांबलीयत कारण तिथेच सगळा घोळ होतो. आणि आधीच सांगते, हे वाचून घरी निदान करायचं नाहीये, पण डॉक्टरांसमोर नेमकं काय सांगायचं ते कळलं तरी खूप काम होतं.

मला एवढं सगळं वाचायला वेळ नाही. आत्ता इमर्जन्सीत जायचं का नाही ते सांगा.

कंबर दुखत असताना किंवा पायात कळ जात असताना पुढच्यापैकी एकही गोष्ट नवीन सुरू झाली असेल तर आत्ता निघा, उद्या सकाळी नाही. लघवी लागल्याचं कळतच नाही, किंवा लागते पण सुरू होत नाही, जोर द्यावा लागतो, धार बारीक झाली, नकळत गळते. संडासच्या जागी, जननेंद्रियाच्या आसपास, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधीर वाटतंय, पुसताना कागद लागल्याचं किंवा पाणी लागल्याचं नीट कळत नाही. संडास आवरत नाही. दोन्ही पायात कळ किंवा दोन्ही पायात अशक्तपणा. लैंगिक संवेदना किंवा ताठरता अचानक गेली. पायातली ताकद तासातासाला कमी होतेय.

आणि एक, दुखणं अचानक थांबलं पण पाय बधीर आणि लुळा झाला तर ते बरं होणं नाही. नस काम करेनाशी झाली की दुखणंही बंद होतं, पेशंट म्हणतो "आता कमी आहे", आणि घरचे निवांत होतात. तिथे दिवस वाया जातात.

मज्जारज्जू कंबरेपर्यंत जातो ना? मग रिपोर्टमध्ये 'कोनस एल १ ला संपतो' असं का लिहितात?

नाही, पूर्ण कंबरेपर्यंत जात नाही, आणि बाकी सगळं समजायला हीच किल्ली आहे. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या पूर्ण लांबीचा असतो, नंतर हाडं भराभर वाढतात आणि मज्जारज्जू मागे पडतो, त्यामुळे मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास, म्हणजे एल १-एल २ ला संपतो. शेवटचं निमुळतं टोक म्हणजे कोनस. त्याच्या खाली पोकळीत काय असतं, तर एल २ पासून खालच्या सगळ्या नसांची मुळं, लांब लांब धाग्यांसारखी, आपापल्या भोकातून बाहेर पडायला खाली चाललेली. तो झुपका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये नाव कॉडा इक्विना, अर्थ तोच.

म्हणजे पाठीच्या कण्यात वरून खाली आलात तर आधी मज्जारज्जू, मग त्याचं टोक, मग शेपटी, मग भोकातून बाहेर पडणारी एकटी नस, मग बाहेर त्या नसांचं जाळं, आणि शेवटी पायातली सुटी नस. बिघाड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे एवढंच शोधायचं असतं. कण्यातलं पाणी काढायची सुई किंवा कंबरेतलं भुलीचं इंजेक्शन एल ३-४ किंवा एल ४-५ ला देतात तेही याचमुळे, तिथे मज्जारज्जू नसतो, धागे असतात आणि ते सुईसमोरून सरकतात.

कोनस सिंड्रोम म्हणजे नेमकं काय होतं?

टोक छोटं आहे पण तिथे महत्त्वाची माणसं राहतात असं समजा. लघवी, संडास, लैंगिक क्रिया यांचा कंट्रोल एस २, एस ३, एस ४ या भागात असतो (एल म्हणजे कंबरेचा भाग, एस म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीचा, माकडहाडाच्या वरच्या हाडाचा), आणि हे भाग त्या टोकात अगदी दाटीवाटीने असतात. नाव त्रिकास्थीचं असलं तरी मज्जारज्जूतला तो भाग प्रत्यक्षात बसलेला असतो वर, एल १ च्या मणक्यामागे. त्यामुळे एल १ चा मणका पडून किंवा अपघातात चिरडला की पायात ताकद बऱ्यापैकी असते आणि लघवी मात्र पहिल्याच दिवशी बंद. फ्रॅक्चर सोडून बाकी कारणं म्हणजे तिथली गाठ, रक्तपुरवठा अडणं, इन्फेक्शन, सूज, आणि कधी वरच्या पातळीवरची गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली डिस्क, सरकणं.

आणि कॉडा इक्विना सिंड्रोम?

यात शेपटीचे बरेच धागे एकदम दाबले जातात. सगळ्यात नेहमीचं कारण एल ४-५ किंवा एल ५-एस १ ची मोठी गादी बरोबर मधोमध मागे निघणं. गंमत बघा, त्या झुपक्यात पायाला जाणारी मुळं कडेला असतात आणि लघवी-संडासची खालची मुळं मध्यभागी, त्यामुळे गादी मधोमध आली की नेमकी तीच सापडतात. बाकी कारणं म्हणजे गाठी, पू, टीबी, फ्रॅक्चर, कंबरेतल्या इंजेक्शन किंवा ऑपरेशननंतर साठलेलं रक्त, आणि आधीच अरुंद असलेल्या पोकळीत थोडीशीच गादी सरकणं. हे क्वचित होतं, पण चुकलं तर माणूस आयुष्यभर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घेऊन राहतो, म्हणून मी प्रत्येक कंबरदुखीत विचारतेच विचारते.

दोन्हीत लघवी जाते, दोन्हीत खोगीर बधीर होतं. मग फरक कसा करायचा?

परीक्षेतही हाच प्रश्न येतो आणि प्रत्यक्षातही. खोगीर म्हणजे घोड्यावर बसल्यावर जो भाग खोगिराला टेकेल तो, कुल्ले, गुदद्वार, मांड्यांची आतली बाजू. आता एकेक करून बघू, पण आधीच सांगून ठेवते की पुस्तकातला शुद्ध पेशंट कमी भेटतो, एल १-एल २ च्या आसपास टोक आणि धागे शेजारी शेजारीच असतात त्यामुळे एकाच माराने दोन्ही जाऊ शकतात.

सुरुवात कशी झाली ते आधी विचारा. कोनसमध्ये बहुतेक वेळा अचानक, आणि दोन्ही बाजूंना एकदमच. कॉडा इक्विनात बऱ्याचदा आधी काही दिवस-आठवडे एका पायात साएटिका, म्हणजे दबलेल्या नसेची कळ, असतो, मग तो दुसऱ्या पायात उतरतो, मग बधिरपणा. गादी एकदम फुटून बाहेर आली तर मात्र कॉडा इक्विनाही एका रात्रीत होतो, म्हणून फक्त वेगावरून ठरवू नका.

दुखणं कुठे? कोनसमध्ये कंबर जास्त दुखते, पायात जाणारी कळ कमी किंवा नाहीच. कॉडा इक्विनात पायातली कळ भयंकर असते, करंट मारल्यासारखी, कारण नसांची मुळंच चेपलेली असतात.

ताकद बघा. कोनसमध्ये अशक्तपणा असला तर थोडा आणि दोन्हीकडे सारखा, निव्वळ टोकच गेलं असेल तर पाय जवळजवळ ठीक असतात. कॉडा इक्विनात एक पाय जास्त लुळा, एक कमी, स्नायू ढिले, आणि दिवस गेले की पोटरी-मांडी सुकलेली दिसते.

संवेदनेत एक बारीक फरक आहे आणि मला तो फार उपयोगाचा वाटतो. कोनसमध्ये बधिरपणा दोन्हीकडे सारखा, गुदद्वाराभोवती, आणि कधी कधी स्पर्श कळतो पण टोचलेलं किंवा गरम-गार कळत नाही, कारण मज्जारज्जूच्या आत या दोन्हीचे रस्ते वेगळे असतात. कॉडा इक्विनात मुळातून सगळं एकत्रच जातं, त्यामुळे गेलं तर सगळंच जातं, आणि एका बाजूला जास्त. म्हणून फक्त कापूस फिरवून "कळतंय ना?" विचारून सोडून देऊ नका, पिनही वापरा.

मग हातोडी, म्हणजे रिफ्लेक्स, ठोकल्यावर पाय आपोआप उडतो का ते. कोनसमध्ये गुडघ्याचा रिफ्लेक्स सहसा शाबूत, घोट्याचा गेलेला. कॉडा इक्विनात वरची मुळंही सापडली असतील तर गुडघ्याचाही जातो. आणि तळपायावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर गेला, म्हणजे बॅबिन्स्की पॉझिटिव्ह आला, तर तो शेपटीचा आजार असूच शकत नाही, कुठेतरी मज्जारज्जू गुंतलाय, कोनसच्या जरा वर किंवा अजून वर. कॉडा इक्विनात बॅबिन्स्की कधीच पॉझिटिव्ह येत नाही कारण तिथे मज्जारज्जूच नाही. ही एक गोष्ट पाठ केली तरी अर्धा घोळ मिटतो.

लघवीचं शेवटी, कोनसमध्ये ती लवकर आणि ठळकपणे जाते, कॉडा इक्विनात साधारण नंतर. पण "नंतर" म्हणजे थांबून बघायची वाट नव्हे.

साधी दबलेली नस, म्हणजे साएटिका, यातून वेगळा कसा ओळखायचा?

साएटिका म्हणजे बहुतेक वेळा एकच मूळ, एकच बाजू. एका पट्ट्यात कळ, त्याच पट्ट्यात मुंग्या, त्याच नसेच्या एक-दोन स्नायूंना अशक्तपणा, आणि लघवी-संडास एकदम नीट. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलला की साधारण ३० ते ७० अंशाच्या मध्ये गुडघ्याच्या खाली कळ जाते. नुसती मांडीची मागची शीर ताणली तर ते पॉझिटिव्ह नाही, हे ज्युनियर लोक नेहमी चुकतात. आणि चांगला पाय उचलल्यावर दुसऱ्या, दुखऱ्या पायात कळ आली तर गादी सरकलेली असण्याची शक्यता खूपच वाढते. मांडीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर पालथं झोपवून गुडघा वाकवून मांडी मागे उचलून बघा, ती एल २ ते एल ४ ची टेस्ट.

बहुतेक साएटिका ६ ते १२ आठवड्यात ऑपरेशनशिवाय बऱ्यापैकी शांत होतात, तेव्हा एका बाजूच्या साएटिकाला घाबरून जायचं कारण नाही. नजर ठेवायची ती एकाच गोष्टीवर, तो दुसऱ्या पायात उतरतोय का आणि खोगिराकडे सरकतोय का.

एल ४, एल ५, एस १ यातली कुठली नस आहे ते घरबसल्या कळेल का?

अंदाज येतो. एल ४ गेली तर नडगीच्या आतल्या बाजूला घोट्यापर्यंत बधीर, जिना चढताना गुडघा दगा देतो, गुडघ्याचा रिफ्लेक्स मंद. एल ५ ला नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू आणि अंगठा, अंगठा वर उचलायची ताकद कमी, टाचांवर चालता येत नाही, आणि हातोडीने तपासायला भरवशाचा रिफ्लेक्सच नाही त्यामुळे रिफ्लेक्स सगळे नॉर्मल म्हणून सोडून दिली जाते ती नेमकी हीच. एस १ ला करंगळी, पावलाची बाहेरची कड आणि तळवा, घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला, चवड्यावर उभं राहता येत नाही. पोटरी फार ताकदवान असते, झोपवून हाताने दाबून तपासली तर कमजोरी कळतच नाही, एका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला सांगा, तेव्हा फरक दिसतो.

रिपोर्टमध्ये एल ४-५ ची गादी म्हटलंय मग एल ५ ची नस कशी दबली?

कारण कंबरेत नस आपल्याच नंबरच्या मणक्याखालून बाहेर पडते, पण गादीच्या जरा वरच्या अंगाने. म्हणजे एल ४ ची नस एल ४-५ च्या गादीपर्यंत पोचायच्या आत बाहेर निसटलेली असते आणि गादीच्या मागून खाली चाललेली असते ती एल ५. गादी मधल्या-कडेच्या बाजूला निघाली तर एल ५ दबते, अगदी बाहेर भोकाच्या तोंडाशी निघाली तर एल ४. मधोमध मोठी निघाली तर शेपटी. एकाच गादीचे तीन वेगळे आजार होतात, म्हणून "एल ४-५ ला प्रॉब्लेम आहे" हे वाक्य अर्धवट आहे.

सरकलेली गादी आणि साएटिका यांचं नातं पक्कं झालं ते १९३४ साली, मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी ऑपरेशनच्या केसेस छापल्या तेव्हा. त्याच्या आधी तो निघालेला तुकडा म्हणजे कूर्चेची गाठ समजायचे. तेव्हापासून गादीला इतकं महत्त्व आलं की आता उलटीच अडचण झालीय, रिपोर्टमध्ये गादी दिसली की सगळं खापर तिच्यावर. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन केले तरी विशीत साधारण ३० टक्के आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांमध्ये फुगलेली गादी सापडते. म्हणून आधी माणूस तपासा, नस ठरवा, मग फिल्मवर तीच नस दबलेली दिसते का ते जुळवा. जुळत नसेल तर रिपोर्ट बाजूला ठेवून परत विचार करा.

पाऊल वर उचलत नाही, चप्पल निसटते. हे कंबरेतूनच आहे का?

असेलच असं नाही! गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली जे हाडाचं बोंड लागतं त्याला वळसा घालून एक नस जाते, पेरोनियल. पायावर पाय टाकून तासन् तास बसणं, खूप वेळ उकिडवं बसून काम, प्लास्टरचा दाब, एकदम खूप वजन कमी होणं, यातली कुठलीही गोष्ट तिला पुरते. तिथे दबली तरी पाऊल लोंबतं आणि एल ५ गेली तरी लोंबतं.

फरक असा काढायचा, पाऊल आत वळवायला सांगा. आत वळवणारा स्नायू एल ५ कडूनच येतो पण दुसऱ्या नसेने, त्यामुळे पेरोनियलमध्ये तो चांगला असतो आणि एल ५ मध्ये कमजोर. मग कुशीवर झोपवून अख्खा पाय वर बाजूला उचलायला सांगा, कुल्ल्याचा तो स्नायूही एल ५ चाच, पेरोनियलमध्ये त्याला काही होत नाही. कंबर अजिबात दुखत नाही आणि ही दोन्ही कामं झकास होतायत तर आधी गुडघ्याकडे बघा. मी अशा माणसाला कंबरेच्या ट्रॅक्शनवर आठवडेच्या आठवडे ठेवलेलं पाहिलंय, मन फार खट्टू झालं, दोन मिनिटाची तपासणी होती ती.

मांडीची फक्त बाहेरची बाजू जळते आणि बधीर आहे, बाकी काही नाही.

ताकद पूर्ण, रिफ्लेक्स पूर्ण, गुडघ्याच्या खाली काही नाही, तर ही बहुतेक जांघेजवळ दबलेली त्वचेची नस, मेराल्जिया पॅरेस्थेटिका. घट्ट पट्टा, घट्ट पँट, वाढलेलं पोट, गरोदरपण. त्या नसेत स्नायूचा धागाच नाही, म्हणून अशक्तपणा आला तर निदान बदला.

डायबेटीस आहे, मांडी जबरदस्त दुखली आणि आता ती मांडी बारीकच झालीय. गादी असेल का?

याचा विचार लोक उशिरा करतात. डायबेटीसमध्ये नसांच्या मुळांना आणि बाहेरच्या जाळ्याला एकत्र मार बसतो, सुरुवात एका मांडीत किंवा कुल्ल्यात तीव्र दुखण्याने, मग काही दिवस-आठवड्यात मांडीचा स्नायू झपाट्याने आटतो, खुर्चीतून उठता येत नाही, गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, आणि वजन चांगलंच उतरतं. ते वजन उतरणं ऐकलं की कान टवकारा. एकाच मुळाच्या पट्ट्यात हे बसत नाही, एल २, एल ३, एल ४ सगळीच थोडी थोडी, आणि शुगर फार वाढलेली असलीच पाहिजे असंही नाही. हळूहळू महिन्यांनी सुधारतं, पण वजन उतरतंय म्हणून ओटीपोटातली गाठ नाही ना हेही डॉक्टर बघून घेतात, कारण तिनेही हेच जाळं दाबलं जातं.

चालल्यावर पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. हे कुठल्या खात्यात?

बहुतेक कंबरेतली पोकळी अरुंद झालीय. खूण अशी की नुसतं उभं राहून थांबलं तर फरक पडत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, ट्रॉली ढकलत वाकून मैलभर चालतील, सायकल चालवतील, पण ताठ चाललं की पाय जड. उतारावर जास्त त्रास कारण उतरताना कंबर मागे जाते. रक्तवाहिनी अरुंद असेल तर उलट, चढावर त्रास, उभं राहिलं तरी मिनिटभरात बरं, पावलावरची नाडी मंद. दोन्ही आजार एकाच आजोबांना असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

लघवी 'होतेय' म्हणाले की निश्चिंत व्हायचं का?

अजिबात नाही, आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथेच आहे. नस गेलेली लघवीची पिशवी भरते, भरत राहते, पेशंटला कळत नाही, आणि ती इतकी भरली की वरून सांडायला लागते. पेशंट सांगतो "होते की थोडी थोडी, उलट सारखी होते". ते सांडणं आहे, लघवी करणं नाही. त्यामुळे "लघवीचा त्रास आहे का?" असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. मी असं विचारते, शेवटची लघवी कधी केली, लागलीय हे आतून कळलं का घड्याळ बघून गेलात, सुरू व्हायला वेळ लागला का, धार पूर्वीसारखी आहे का, जाताना आत जाणवते का, झाल्यावर मोकळं वाटतं का, पुसताना कळतं का.

एक काका आठवतात, कंबर आणि पाय याबद्दल अर्धा तास बोलले, तपासणी झाली, निघता निघता मी परत विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाले, कालपासून तिथलं काही कळत नाही, पण मुलीसारख्या तुम्ही, कसं सांगायचं. त्याच संध्याकाळी त्यांना ऑपरेशनला घेतलं. तेव्हापासून मी वाट बघत नाही, स्वतःच सरळ शब्दात विचारते, गुदद्वार, लिंग, योनी, संभोग, हे शब्द मी आधी उच्चारले की समोरच्याला सांगणं सोपं जातं. नातेवाईकांना दोन मिनिटं बाहेर थांबवा. सून सासऱ्यांसमोर हे बोलणार नाही आणि सासरे सुनेसमोर.

तपासायचं कसं तर लघवी करून यायला सांगून लगेच सोनोग्राफीने पिशवीत किती उरलीय ते मोजतात. २०० मिलीच्या वर उरत असेल तर संशय बराच वाढतो. कमी उरली म्हणजे शंभर टक्के सुटलो असं मात्र नाही, सुरुवातीच्या टप्प्यात आकडा चांगला येऊ शकतो.

लघवी अडली ती गोळ्यांमुळे किंवा दुखण्यामुळे नसेल का?

असू शकतं, आणि हा खरंच फसवा भाग आहे. अफूजन्य वेदनाशामकं, अमिट्रिप्टिलिनसारख्या नसांच्या गोळ्या, आधीचा प्रोस्टेटचा त्रास, आणि दुखण्याने हलताच न येणं, यानेही लघवी अडते आणि बद्धकोष्ठ होतं. पण अशात खोगिरात बधिरपणा नसतो, आणि पिशवी भरल्याची कळ व्यवस्थित जाणवते, उलट माणूस तळमळतो. न दुखता तुंबलेली लघवी जास्त काळजीची. तरीही कंबरदुखीसोबत लघवी अडली तर गोळ्यांवर ढकलायचं ते स्कॅन झाल्यानंतर, आधी नाही.

ती गुदद्वाराची तपासणी खरंच लागते का? फार लाज वाटते.

लाज वाटणं साहजिक आहे, पण त्यातून खरोखर माहिती मिळते. खोगिरात पिनने टोचून दोन्ही बाजू सारख्या कळतात का, आवळायला सांगितल्यावर आवळलं जातं का, बाजूच्या कातडीला स्पर्श केल्यावर स्नायू आपोआप आकसतो का, हे एस २ ते एस ४ चं थेट बोलणं आहे, दुसरीकडे कुठे ते ऐकू येत नाही. नुसत्या बोटाला ढिलं लागलं का घट्ट यावर फार विसंबू नये, अनुभवी माणसंही त्यात चुकतात. संमती घेऊन, पडदा लावून, सोबत कुणीतरी असताना करायची, आणि तुम्हाला तसं मागायचा हक्क आहे.

कंबरेचा एमआरआय नॉर्मल आला. मग पाय का लुळे?

कारण कदाचित फोटो चुकीच्या मजल्याचा काढला. पाय कडक, रिफ्लेक्स उसळणारे, बॅबिन्स्की पॉझिटिव्ह, छाती-पोटावर एका रेषेखाली बधीर, असं असेल तर आजार पाठीत किंवा मानेत आहे, कंबरेचा स्कॅन कितीदाही करा. घोळ वाढतो तो यामुळे की मज्जारज्जूला अचानक मार बसला तर पहिले काही दिवस, कधी आठवडे, पाय ढिले आणि रिफ्लेक्स गायब असतात, स्पायनल शॉक म्हणतात, तेव्हा तो हुबेहूब शेपटीच्या आजारासारखा दिसतो. म्हणून शंका असली की अख्ख्या कण्याचा एमआरआय.

अजून एक लपलेला आजार म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणातली धमनी-शिरेची चुकीची जोडणी, डुरल फिस्टुला. साधारण पन्नाशीच्या पुढचे पुरुष, महिनोन् महिने हळूहळू पाय जड, चालल्यावर वाढतं, लघवीचा त्रास, आणि सगळे म्हणतात पोकळी अरुंद आहे. वेळेत पकडली तर बंद करता येते, म्हणून लिहिलं.

दोन्ही पाय चढत्या क्रमाने लुळे पडतायत, कंबरही दुखते. गादीच ना?

गियाँ-बारे सिंड्रोमचा विचार करा, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. आधीच्या काही आठवड्यात जुलाब किंवा सर्दी-ताप, मग पावलातून वर चढणारा अशक्तपणा, सगळे रिफ्लेक्स गायब, पण लघवी सुरुवातीला सहसा ठीक आणि खोगीर बधीर नाही. हात किंवा चेहरा कमजोर वाटला तर कंबरेचा प्रश्नच मिटला, कंबरेतली गादी चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. यात श्वासाचे स्नायू जाऊ शकतात म्हणून हाही तातडीचा.

ईएमजी-एनसीव्ही लगेच करून घेऊ का?

ही नसा आणि स्नायूंमधला करंट मोजायची तपासणी, तातडीच्या निर्णयाला तिचा उपयोग नाही. नस तुटल्याच्या खुणा पायाच्या स्नायूत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आधी केली तर उगाच नॉर्मल येते. नंतर मात्र छान उपयोग होतो. मूळ कण्याच्या आत दबलं असेल तर पायातल्या संवेदनेच्या नसेचा करंट नॉर्मल येतो, पेशंटला बधीर वाटत असूनही, कारण त्या धाग्यांच्या पेशींची गाठ दाबाच्या बाहेरच्या अंगाला असते आणि ती जिवंत असते. जाळ्यात किंवा पायात दबलं असेल तर तो करंट कमी येतो.

कॉडा इक्विनाचं ऑपरेशन किती तासात? आणि नंतर सगळं परत येतं का?

जितकं लवकर तितकं चांगलं. २००० साली जुने अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा ४८ तासांच्या आत दाब काढलेल्यांचं नंतर जास्त चांगलं झालेलं दिसलं, आणि तो आकडा सगळीकडे गेला, पण त्याचा अर्थ ४७ तास थांबायची मुभा आहे असा कुणी घेऊ नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पेशंट कुठल्या टप्प्यावर होता. लघवीची जाणीव कमी झालीय पण करता येतेय, अशा वेळी दाब निघाला तर आशा बरीच असते. पूर्ण तुंबून सांडायला लागल्यावर निघाला तर कमी.

कोनसचा मार हा मज्जारज्जूचा मार, तो भरून यायला जास्त कठीण. शेपटीचे धागे बाहेरच्या नसांसारखे असतात, त्यांना वाढायची ताकद असते, पण वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर आणि अंतर लांबचं, त्यामुळे पायातली ताकद महिन्यांनी येते आणि लघवीची सुधारणा तर वर्ष-दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. तोवर ठरलेल्या वेळी स्वतः कॅथेटर घालून पिशवी रिकामी करायला शिका, किडनी त्यानेच वाचते. बधीर कुल्ल्यांवर एकाच जागी तासन् तास बसू नका, जखम होते आणि कळत नाही. लैंगिक अडचणींवरही उपचार आहेत, त्यासाठी वेगळी अपॉइंटमेंट मागा.

लहान मुलांना हे होतं का?

त्यांचं वेगळं असतं. मज्जारज्जूचं टोक खाली चिकटून राहिलेलं असतं आणि मूल उंच होताना ते ताणलं जातं. आधी कोरडं राहणारं मूल परत अंथरूण ओलं करायला लागलं, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान किंवा कमान जास्त झालेलं, पळताना पडतंय, पाय दुखतात म्हणतंय, आणि कंबरेखाली मधोमध केसांचा झुपका, खळगा, चरबीची गाठ किंवा लाल डाग असेल तर बालन्यूरोसर्जनला दाखवा. उंची भराभर वाढायच्या वयात हे जास्त उघड होतं. कपडे काढून पाठ बघितल्याशिवाय ते दिसत नाही, आणि अंथरूण ओलं केलं म्हणून मुलाला रागवायच्या आधी ती पाठ एकदा बघा.